शेणानं सारवलेली सागवानी फळी

मित्रांनो, सोलापुरातल्या एका घरात, खिडकीपासून दुसरी, अशी मी एक म्हातारी सागवानी फळी जमिनीत ठोकलेली आहे. आता माझ्यावरून कोणीही चपला घालून जातं. पण एके काळी मला शेणानं सारवलं होतं. हसू नका, आधी ऐका.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरची गोष्ट. वखारीत मला करवतीनं चिरलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि बहिणींबरोबर हातगाडीवर घालून कुंडलिकच्या घरी आणलं. कुंडलिक कचेरीत कारकून, बायको प्रभा शाळेत बाई. त्याची आई गोजरबाई नुकतीच मंद्रूप गावाहून राहायला आली होती. घरात शहाबादी फरशी. तिच्या गारठ्यानं म्हातारीचे गुडघे धरायचे, आणि खुर्चीवर बसलं की तिला परक्या घरी आल्यागत वाटायचं. रोज एकच धोशा, "मला मंद्रूपला सोड." आईनं जाऊ नये म्हणून लेकानं तिच्या खोलीत लाकडाची जमीन करायची ठरवली. म्हणजे तिला ठेवून घ्यायला आम्ही आलो होतो. केवढा मान!

चनबसप्पा सुतारानं आम्हाला खोलीत नुसतं पसरून ठेवलं आणि "मग येतो" म्हणून गेला. लेक-सून कामाला गेली. गोजरबाईनं नवी जमीन पाहिली आणि तिचा जीव हरखला. सारवल्याशिवाय नव्या जमिनीवर पाय कसा ठेवायचा? गवळ्याकडून तिनं घमेलंभर शेण आणलं, पदर खोचला आणि सगळी खोली सारवून काढली. काय मायेचा हात होता तो! पण ओल माझ्या अंगात शिरत होती.

संध्याकाळपर्यंत आमच्या कडा वर उचलल्या. कुंडलिक दारातच थबकला. "आये, ही काय माती हाय का? सगळं वाटोळं केलंस."

गोजरबाईचा चेहरा उतरला. तिनं गुपचूप गाठोडं बांधलं. "न्हाय जमत मला हितलं. सकाळच्या येश्टीनं जाते." मला फार वाईट वाटलं. राखायला आलो आणि घालवायला कारण झालो.

सकाळी चनबसप्पा आला. "यव्वा, लाकूड कुणी सारवतंय काय?" म्हणत त्यानं आम्हाला पुसलं आणि वारा लागावा म्हणून मध्ये पट्ट्या घालून तिथंच थर लावला. कुंडलिक म्हणाला, "आजच ठोका की. आये निघालीय."

"आज ठोकलं तर फाटतंय बघा. नवीन जागा हाय. हितली हवा अंगात मुरू दे, सवय झाली की आपणहून सरळ बसतंय."

गोजरबाई गाठोडं घेऊन उंबऱ्याशी उभी होती. तिनं ते हळूच खाली ठेवलं.

"कुंडलिका, लाकडाला सवड द्यायची म्हनं. आन् मला आल्या आल्या ठोकाया बसलास व्हय रं?"

कुंडलिकनं गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

आम्ही सरळ झालो, ठोकल्या गेलो. गोजरबाई माझ्यावर मांडी घालून शेंगा फोडायची आणि मंद्रूपच्या गोष्टी सांगायची. ती शेवटपर्यंत इथंच राहिली.

मित्रांनो, माझ्यावर पाणी सांडलं तर लगेच पुसा, एवढं ऐका. आणि घरात कुणी नवं आलं, लाकूड असो की माणूस, तर खिळे घेऊन धावू नका.