खिडकी, उशी आणि रेडिओ मावशी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेत मी एक दिवसही काढलेला नाही. माझा जन्म एका इस्पितळाच्या सुतारखोलीत झाला. सुतारकाकांनी मोडक्या कपाटाच्या फळ्या जोडल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या, त्यांना काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि चादरींच्या खोलीत दोन खिळ्यांवर मला टांगलं.

नुकत्याच इस्त्री झालेल्या चादरींमुळे त्या खोलीत कायम ऊब असे. दुपारची पाळी सुरू होण्याआधी तासभर पाच-सहा आया उलट्या टोपल्यांवर बसत आणि बाई त्यांना इंग्रजी शिकवत.

बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचे यजमान शेवटचे तीन आठवडे याच इस्पितळात होते आणि त्यांचं सगळं रेडिओ मावशींनी केलं होतं. 'रेडिओ' हे बाकीच्या आयांनी ठेवलेलं नाव, कारण मावशींचं तोंड एकदा सुरू झालं की बंद करायचं बटण कुणाला सापडत नसे. यजमान गेल्यावर बाई मावशींना भेटायला आल्या.

"तुमचे उपकार कसे फेडू?" त्यांनी विचारलं.

"उपकार कसले, बाई! पण द्यायचंच असेल तर इंग्रजी द्या. मला मदतनीस नर्सची परीक्षा द्यायचीय. लेखी निघेल कशीबशी. पण तोंडी इंग्रजीत असते, तिथं माझी दातखीळ बसते."

बाईंनी व्याकरणाचं पुस्तक पिशवीतून बाहेरच काढलं नाही. "लयीचं बोट धरलं की जीभ आपोआप चालायला लागते," त्या म्हणाल्या, आणि आयांच्याच कामावर त्यांनी एक छोटीशी कविता रचली. तिच्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या:

टर्न टू द विंडो, टर्न टू द लाइट,
हाउ इज युवर पिलो? इज इट ऑल राइट?

खिडकीकडे वळा, उजेडाकडे वळा. उशी ठीक आहे ना? एवढाच अर्थ. सगळ्याजणी एका सुरात म्हणत. मग बाई एक शब्द पुसत. पुन्हा म्हणायचं. आणखी एक शब्द पुसत. शेवटी मी कोरा होई आणि कविता मात्र सगळ्यांच्या तोंडी राही. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मेट्रनबाईंना मात्र हे पसंत नव्हतं. दारातूनच त्या म्हणत, "रोग्यांना औषध द्यायचंय की कविता?"

परीक्षेचा दिवस आला. मावशी गेल्या आणि दुपारीच परत आल्या. टोपलीवर बसून त्या एकच चादर घडी करत, उलगडत राहिल्या.

"पोपट झाला माझा, बाई. त्यांनी विचारलं, रोगी जेवत नसेल तर काय बोलाल? मी म्हणाले, उशी कशी आहे! आख्खी कविता म्हणून टाकली. ते गालात हसले."

मेट्रनबाईंनी बजावलं, "सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा आहे. तेव्हाही कुणी पास झालं नाही, तर ही खोली मला चादरींसाठी परत हवी."

बाई माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी खडू उचलला. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी शब्द पुसत गेले. त्या जागी तुमचे शब्द येऊच दिले नाहीत."

त्यांनी पुन्हा ती कविता लिहिली, 'पिलो' पुसला आणि खडू मावशींच्या हातात दिला. माझ्यावर वाकडं अक्षर उमटलं: सूप. मग पुढचं 'ऑल राइट'ही मावशींनी स्वतःच पुसलं. हाउ इज युवर सूप? इज इट टू हॉट?

"पण बाई, यमक गेलं की!"

"जाऊ द्या. यमकापायी रोग्याचं तोंड पोळायला नको."

खोलीत हशा पिकला. त्या दिवसापासून माझ्यावर काय काय आलं! गुडघा आला, झोप आली. मुलाची वाट बघणाऱ्या एका आजींसाठी त्यांचा मुलगाही आला. व्याकरण लंगडत होतं, पण बोलणं मावशींचं स्वतःचं होतं.

दुसऱ्या परीक्षेची हकिकत मी मावशींच्याच तोंडून ऐकली. रोगी इंजेक्शनला घाबरून रडतोय, त्याला काय सांगाल, असा प्रश्न होता. मावशी गप्प झाल्या. तरुण परीक्षक उत्तर सुचवायला निघाले, तेवढ्यात शेजारच्या वयस्कर परीक्षक बाईंनी हाताने त्यांना थांबवलं. मग मावशी म्हणाल्या, "आय अ‍ॅम हिअर. टर्न टू मी. हाउ इज युवर पेन?"

"आणि मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय, सुटलेच मी! वेळ संपल्याची घंटा त्यांना दोनदा वाजवावी लागली."

मावशी काठावर पास झाल्या. बाईंनी तोंड चादरींकडे फिरवलं आणि चष्मा बराच वेळ पुसला. पुढच्या आठवड्यात मेट्रनबाईंनी स्वतःहून तीन नव्या आया वर्गाला पाठवल्या.

पुढे बाईंना जिना झेपेना. खोलीत चकचकीत पांढरा फळा आला आणि माझी रवानगी मोडक्या खाटांमागे झाली. आता माझा रंग उडालाय, कडा उकलल्या आहेत. परवा भंगारवाला मला ठोकून बघून गेला.

मित्रांनो, तुमच्या आसपास असा एखादा फळा पडलेला असेल, तर त्याला काळ्या रंगाचा एक हात द्या. तेवढ्यावर आम्ही पुन्हा उभे राहतो. आणि कुणी परक्या भाषेत बोलता बोलता मध्येच अडलं, तर हसू नका, शब्द पुरवायची घाईही करू नका. गप्प झालेलं माणूस बहुधा बोलायच्या तयारीत असतं. त्याच्याकडे बघा आणि जरा थांबा.