वर गेलेला एक हात

लग्नाला तीनच आठवडे झाले होते आणि चर्चच्या पाळकसाहेबांची नोकरी जायच्या बेतात होती. राहतं घर चर्चचं, म्हणजे तेही हातचं जाणार. त्यामुळे आहेरातली खोकी अजून फोडलीच नव्हती.

तक्रार साधी होती. आधीचे पाळक प्रवचनाला उभे राहिले की लोकांना चाळीस मिनिटं निवांत झोप मिळायची. हे मध्येच प्रश्न विचारत. चर्चचे सेक्रेटरी म्हणजे चष्म्याचे दुकानदार. ते तोंडावरच म्हणाले होते, "माणूस गुणी आहे. पण याचं प्रवचन अंगाला लागत नाही."

"जाऊ द्या ना," बायको म्हणाली. "दादाच्या चपलांच्या दुकानात माणूस हवाय. गुडघे टेकायची तुम्हाला सवय आहेच."

"मला प्रवचनापलीकडे काय येतं?"

"पायांचे नंबर पाठ करायचे. दहा असतात. तुमच्या बायबलातल्या आज्ञांइतकेच."

तिला हसू आलं. त्यांना आलं नाही.

रविवारी उपासना संपल्यावर पाळक बदलायचा ठराव आला. या चर्चमध्ये मतदान डोळे मिटून व्हायचं. फार पूर्वी एका वर गेलेल्या हातावरून दोन सख्खे भाऊ हातघाईवर आले होते आणि त्यात तिसऱ्याचाच दात पडला होता. तेव्हापासून डोळे उघडे ठेवायचे ते फक्त पाळकाने, आणि हातही त्यानेच मोजायचे.

"पण आज ठराव त्यांच्यावरच आहे," कुणीतरी म्हणालं.

सेक्रेटरींनी नियमांची वही चाळली. "पाळक मोजेल, एवढंच लिहिलंय. नाक मुठीत धरून मोजेल की कसा, ते नाही लिहिलं. माना खाली, डोळे मिटा. पाळक बदलावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

पाळकसाहेब बघत राहिले. पहिला हात सेक्रेटरींचा. मग पेटी वाजवणाऱ्या मास्तरांचा. ज्यांच्या आईच्या उशाशी पाळकसाहेब तीन दिवस बसले होते, त्या नर्सबाईंनी दोन्ही हात वर केले. एक आईच्या वतीने असावा. आणि पहिल्या बाकावर बायकोचा हात, उत्तर येणाऱ्या मुलीसारखा ताठ. त्रेसष्ट माणसांपैकी एकसष्टांनी हात वर केले होते. उरलेल्या दोघांपैकी एक झोपला होता आणि दुसऱ्याचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते.

"डोळे उघडा," पाळकसाहेब म्हणाले. "एकच हात वर होता."

त्यांनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली.

"कुणाचा, ते मी पाहिलंय. पण मी मनात राग ठेवणार नाही."

एकसष्ट जणांच्या पायाखालची जमीन एकदमच सरकली. प्रत्येकाला वाटलं, गद्दार निघालो तो मी एकटाच.

दाराशी सेक्रेटरींनी त्यांचा हात सोडलाच नाही. "मी पहिल्यापासून तुमच्याच बाजूने, पाळकसाहेब." सोमवारी त्यांनी नवा चष्मा पाठवला. पाळकसाहेबांना चष्मा नव्हता, तरी त्यांनी तो लावला. मंगळवारी नर्सबाई स्वतः छपरावर चढून गळती बुजवून गेल्या. बुधवारी मास्तरांनी स्वयंपाकघर रंगवलं आणि कमिटीने नेमणूक दहा वर्षांनी वाढवली. प्रवचनात आता कुणाची डोळा लावायची छाती नव्हती.

घरात मात्र बायकोच्या घशाखाली घास उतरत नव्हता. गुरुवारी दुपारी ती त्यांच्या पांढऱ्या कॉलरला इस्त्री करत होती.

"अहो, तो हात माझा होता."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला.

"तुमचे हाल बघवत नव्हते. वाटलं, सगळेच वर करतील, तुम्ही सुटाल, आपण दादाकडे जाऊ." तिने डोळे पुसले, तेही हातातल्या कॉलरनेच. "सगळ्या परक्या माणसांनी तुम्हाला धरून ठेवलं आणि घरचीच उलटली."

एक वाक्य पुरलं असतं. अगं, तुझ्यासारखे आणखी साठ होते. पण तिच्या पोटात काही राहत नसे. तिने दादाला सांगितलं असतं, दादाने दुकानात येणाऱ्या प्रत्येक पायाला. पाळकसाहेबांनी नव्या रंगाच्या भिंतीकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "तुझाच होता. फार लागलं मनाला. पण मी तुला माफ केलंय."

ती हुंदके देत म्हणाली, "आता जन्मात तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही."

पाळकसाहेबांनी कॉलर घेतली, बोटांनी चाचपली आणि तिला परत दिली.

"ओलीच आहे अजून," ते म्हणाले.