ढाण्याचा काटेरी पट्टा

धाकट्याला लांडगे नको होते आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचा हिशेब चोख होता. लांडगे गेले की मेंढवाड्याशेजारी थंडीत कुडकुडत निजणं संपणार. वर्षाकाठी एखादं कोकरू नाहीसं होतं, ते वाचणार. कुत्र्याच्या पोटात रोज जे घालावं लागतं, तेही वाचणार. पण खरी मेख वेगळीच होती. त्याला एक स्थळ सांगून आलं होतं आणि मुलीच्या बापाने तोंडावर सांगितलं होतं, "बायकोला घरात ठेवून मेंढ्यांजवळ निजणारा जावई आम्हाला नको." एवढा लाभ समोर दिसत असताना लांडग्यांच्या बाजूने कोण बोलणार? एक त्याची थोरली बहीण बोलायची. दुसरा मी, पण मला तोंड नाही.

मित्रांनो, मी कुत्र्याच्या गळ्यातला एक जुना काटेरी पट्टा आहे. लोहाराने जाड कातड्याच्या दुहेरी पट्टीत लोखंडी काटे ठोकून मला घडवलं. आतल्या बाजूला लोकरीचं अस्तर मात्र ताईने, म्हणजे धाकट्याच्या त्या थोरल्या बहिणीने, स्वतः शिवलं, मेंढ्या राखणाऱ्या ढाण्या कुत्र्याची मान सोलवटू नये म्हणून. मला हातात घेऊन ती लोहाराला म्हणाली, "हा दागिना केलात की हत्यार?"

"बाई, घालणाऱ्याला दागिना आणि गळा धरणाऱ्याला हत्यार," तो म्हणाला.

लांडगा भांडताना आधी गळाच धरतो. म्हणून माझा जन्म. ढाण्याच्या गळ्यात मी बरीच वर्षं राहिलो, पण खरं सांगायचं तर माझ्यावर काम फार कमी वेळा पडलं. एकदा एका तरण्या लांडग्याने ढाण्याची मान पकडली आणि टाळूत काटे घुसताच तो केकाटत टेकडीकडे पळाला. त्यानंतर त्याच्या घरच्यांनी आमची हद्द ओळखली आणि आम्ही त्यांची. तिन्हीसांजेला वरून त्यांची हाळी यायची, खालून ढाण्या भुंकायचा. झाली हजेरी! मग दोन्हीकडचे आपापल्या कामाला लागायचे.

या शेजाराचं गुपित ताईच्या घराण्याच्या एका रीतीत होतं. मेलेली मेंढी पुरायची नाही. म्हातारपणाने मेलेली असो की विताना अडून मेलेली, तिला ओढ्यापलीकडच्या सपाट दगडावर ओढत न्यायचं आणि तिथे ठेवून मागे न बघता परत यायचं. तो लांडग्यांचा वाटा. ताई म्हणायची, "तिकडे पोट भरलं तर इकडे कशाला मरायला येतील ते?" आणि बहुतेक वेळा ते येत नसत. दगडावर काही नसलं की ते ससे, रानडुकरं मारून खात. त्यांच्या धाकाने रानडुकरं एका जागी टिकत नसत, म्हणून खालच्या बागवाल्याचे बटाटे जमिनीत सुखाने वाढत. गावाबाहेरच्या उकिरड्यावरची बेवारशी कुत्रीही ओढा ओलांडायला धजत नसत. पण मित्रांनो, जे घडतच नाही त्याचे आभार कोण मानणार? बागवाल्याला वाटायचं, बटाटे त्याच्या खतामुळे येतात.

एके दिवशी धाकटा बहिणीला म्हणाला, "ताई, मी बंदूकवाल्याशी बोललोय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तू म्हातारी होईपर्यंत मला इथेच निजवणार आहेस का?"

"तुला लग्नाची घाई झालीय, त्यात त्या मुक्या जिवांनी काय केलं?"

"मुके? रोज संध्याकाळी गळा काढतात ते कोण, तू की मी?"

ताईला हसू आलं, आणि तिथेच तिची चूक झाली. तिला वाटलं, भाऊ थट्टा करतोय.

काही दिवसांनी एक मेंढी विताना मेली. ताईने तिचे डोळे मिटले, पाठीवरून हात फिरवला आणि तिला दगडापर्यंत ओढत नेलं, नेहमीसारखं. ढाण्या ओढ्यापर्यंत सोबत गेला. पलीकडे तो कधीच जात नसे. ताई परतली तेव्हा झुडपाआड बंदूकवाला बसलेला होता आणि त्याला ती जागा धाकट्याने दाखवली होती. ऊन अजून टेकडीवर होतं. लांडग्यांची जोडी बिनधास्त आली. ज्या दगडाने त्यांना आजवर दगा दिला नव्हता, तिथे ती कशाला बिचकेल?

गोळ्यांचा आवाज आला तशी ताई धावली. ढाण्याने त्या दिवशी पहिल्यांदा ओढा ओलांडला, म्हणून मीही पाहिलं. नर दगडाखाली पडला होता. मादीचं तोंड मेंढीवर होतं आणि तिच्या आचळांना दूध होतं.

"तिची पिल्लं असतील रे बिळात," ताई म्हणाली.

"मग तर आणखी बरं. पुढची कटकटही मिटली," धाकटा म्हणाला.

"माझ्या हातचं खायला बसलेल्याला मारलंस तू."

"लांडगे होते ते, ताई. पाहुणे नव्हते!"

ताईने पिल्लं शोधली, पण बीळ तिला सापडलं नाही. वाऱ्यावर त्यांचं कुंईकुंई ऐकू यायचं. मग ते बारीक झालं. मग थांबलं. ढाण्या तिन्हीसांजेला टेकडीकडे तोंड करून भुंकायचा आणि कान टवकारून बसायचा. उत्तर येत नसे. पुन्हा भुंकायचा.

धाकट्याचं लग्न मात्र लगोलग ठरलं. ज्याने त्याने त्याची पाठ थोपटली. त्याने माझं बक्कल सोडवलं आणि ढाण्याला म्हणाला, "आता राजेसाहेबांना हा थाट कशाला? येता-जाता माझ्या पोटऱ्या सोलतोय." मला दाराजवळच्या खुंटीवर अडकवलं. माझं कातडं कडक होत गेलं, काट्यांवर गंज चढला. अस्तरात ढाण्याचे केस तेवढे राहिले. दार उघडं असलं की मला मेंढवाडा दिसे, एवढाच काय तो विरंगुळा.

आता या घरच्यांनी काय केलं ते ऐका. लांडगे संपवले, पण लांडग्यांचा वाटा चालूच ठेवला! ताई म्हणाली, "आता मेंढी पुरायला हवी." धाकटा म्हणाला, "खडकाळ जमिनीत खड्डा कोण खणणार? लग्नाच्या गडबडीत मला वेळ आहे का? ने की दगडावर, आपली रीतच आहे ती." ताईचे हातही वर्षानुवर्षं तेच करत आलेले. तिने नेली. त्या वासाने उकिरड्यावरची कुत्री ओढ्याशी आली. आधी शेपूट पायात घालून आली, चाहूल घेत राहिली. अडवायला कुणीच नाही म्हटल्यावर ओढा ओलांडून दगडावर चढली. मग ती सोयऱ्यांसकट येऊ लागली.

"कुत्रीच आहेत," धाकटा म्हणाला. "हात उगारला की पळतील."

बागवाला एव्हाना रोज येऊन कपाळावर हात मारायचा. रानडुकरांनी त्याची बाग उकरून काढली होती. तो म्हणायचा, "तुमच्या लांडग्यांनी माझा एक बटाटा खाल्ला नव्हता हो!" बंदूकवाला आला तेव्हा टाळ्या वाजवणारा हाच होता.

मग बरेच दिवस एकही मेंढी मेली नाही. चांगलीच गोष्ट, पण दगड रिकामा राहिला. कुत्र्यांना मांसाची चटक लागली होती आणि मेंढ्या ओढून नेल्याने पडलेली वासाची वाट दगडापासून थेट आमच्या दारापर्यंत होती. एका सकाळी ती त्या वाटेने आली. धाकटा सासुरवाडीला गेला होता. ताई पाणी भरत होती.

लांडगा एक उचलतो आणि जातो. ही कुत्री वाड्यात शिरून धावेल त्या कोकराला फाडत होती. म्हातारा ढाण्या एकटा त्यांच्यात घुसला. ताई अनवाणी आत आली आणि तिने मला खुंटीवरून ओढलं. काटे तिच्या तळव्यात शिरले, तिला कळलंही नाही. मला दोन्ही हातांत धरून ती बाहेर धावली आणि ओरडली, "ढाण्या! ये, ये इकडे!"

त्याने ऐकलं. आयुष्यभर तो मला पाहिलं की मान पुढे करायचा. त्या गर्दीतही तो ताईकडे वळला आणि त्याने मान पुढे केली. त्याच क्षणी दोन कुत्र्यांनी त्याचा गळा धरला.

ताईने मला फिरवून फिरवून त्यांना हाणलं, तेव्हा ती कुत्री पळाली. मग ताई ढाण्याजवळ बसली आणि मला त्याच्या गळ्यात घालायचा प्रयत्न करू लागली. घालायला जागा उरली नव्हती.

मित्रांनो, लांडग्याला गोंजारा असं मी म्हणत नाही. माझे काटे त्याच्यासाठीच होते. पण काटेही असू द्या आणि त्याचा वाटाही असू द्या. त्याला हाकलण्याआधी एकदा विचारा, की तो कुणाला अडवून उभा आहे.

धाकट्याचं लग्न थाटात झालं. बंदूकवाल्याला आहेर मिळाला. सासरे आता जावयाचं नाव अभिमानाने घेतात. लांडग्यांची जोडी गेली, बिळातली पिल्लं गेली, वाड्यातली सारी कोकरं गेली, ढाण्या गेला. यांतल्या कुणाच्याही घरी लग्न नव्हतं.