साहेबांचे सपाट शिंपले

दगड झालेले शिंपले ब्रशने घासायला सासूबाई संग्रहालयात लागल्या, तेव्हा सून शाळेत जात होती. आता तीच सून त्या शिंपल्यांची वर्गवारी करायची, आणि आज रडकुंडीला आली होती.

"कुठले शिंपले कुठे सापडले, त्याचा नकाशा चार वाजता छापायला जातोय. खोलगट शिंपले एक प्रजाती, लाल टाचण्या. सपाट दुसरी, निळ्या. मी वर्षभर सांगतेय की हे एकाच जिवाचे डावे-उजवे भाग आहेत. साहेब म्हणतात, पुरावा आण!"

"मग बसवून दाखव की एकावर एक."

"खोलगट सापडले किनाऱ्यावर, ते तळघरात. सपाट पंचवीस मैलांवरच्या डोंगरात, ते वर. एका खोलीतला ट्रे दुसऱ्या खोलीत न्यायचा नाही, हा साहेबांचा नियम."

"ट्रे ना? तो राहू दे तिथेच." सासूबाईंनी एप्रनचे दोन्ही खिसे सपाट शिंपल्यांनी भरले आणि खडखडत जिना उतरल्या.

"अहो आई, मिसळतील!"

"प्रत्येकावर नंबर आहे. धुताना जपलाय कोणी, तुझ्या साहेबांनी?"

सात डब्यांची सात झाकणं डोळे मिटून लावणारी बाई ती. पहिला शिंपला डुगडुगला, दुसरा मोठा पडला. पाचव्याच्या कडेचे दात खोलगट शिंपल्याच्या खाचांत शिरले. टक्! मग सहावा, टक्! सुनेला हसू फुटलं, ते पाहून सासूबाईंना, आणि दोघी टेबल धरून खिदळू लागल्या. अशात साहेब दारात.

"सपाट प्रजातीला चाळीस वर्षांपूर्वी नाव मी दिलंय!"

"डबा आपल्या घरी, झाकण शेजारणीकडे. म्हणून झाकण काय निराळी प्रजाती झाली, साहेब?"

"आणि मधले पंचवीस मैल?"

"लाटांनी निवडून वेगळे केले, सर," सून डोळे पुसत म्हणाली. "जीव मेला की दोन्ही भाग सुटतात. जड तिथंच रुतले, हलके वाहत गेले. डोंगर तेव्हा समुद्राचा तळ होता."

साहेबांनी स्वतः एक जोडी बसवली. टक्. दुसरी. टक्. दहाव्या टक्‌ला त्यांच्या मिशा थरथरल्या. आता ओरडणार, म्हणून सून मागे सरली. तर ते चक्क हसत सुटले. "चाळीस वर्षं झाकणं मोजली मी!"

"साडेतीन झाले," सासूबाई म्हणाल्या. "नकाशावर निळ्या टाचण्या दीडशे आहेत. हसा नंतर, आधी उपटायला लागा."