दुर्बिणीचं ऑपरेशन

जयमालाच्या अंगावरून दीड वर्ष सतत रक्त जात होतं, आणि तिचा नवरा गजेंद्र सगळा वेळ "बायकायचं असतेच हे" म्हणत होता. नांदुऱ्याजवळच्या गावात त्याचं खताचं दुकान. पानावरचा डाग पाहून तो गिऱ्हाइकाला औषध सांगायचा; घरातल्या बाईचा पांढराफटक चेहरा मात्र त्याला कधी दिसला नाही. ती दुकानातच चक्कर येऊन पडली, तेव्हा चारचौघांत शोभा नको म्हणून त्यानं तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर प्रेरणा म्हणाल्या, "गर्भाशयात गाठ आहे. दुर्बिणीनं काढू. पोट फाडायचं नाही, बारीक छेद पुरतील. पण आतली जखम भरेपर्यंत जड उचलायचं नाही."

गजेंद्रनं त्यातलं 'पोट फाडायचं नाही' एवढंच ऐकलं.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर सासूनं, गोजरबाईनं, शेजारणीसमोर सुनेचा पदर बाजूला सारला.

"हे पाय! मच्छर चावल्यावानी. अन् म्हने आपरेशन! माह्या पोटावर इतभर वण हाये."

शेजारीण हसली. गजेंद्रही हसला. जयमालाला वाटलं, रक्त वाहत होतं तेव्हाही यांना काही पटलं नव्हतं.

आठवडाही झाला नव्हता, तर गजेंद्रनं तिला युरियाचं पोतं उचलायला बोलावलं.

"एक बाजू धर फक्त. काऊन नाटकं करून राह्यली?"

तिनं धरलं. संध्याकाळी पोटात कळा सुरू झाल्या, ताप भरला.

"काही जड उचललं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही, मॅडम," गजेंद्र झटकन बोलला.

"युरियाचं पोतं," जयमाला म्हणाली. "यायनंच उचलाले लावलं. अन् आता तुमच्यासमोर खोटं बोलून राह्यले."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला पुन्हा भरती करून घेतलं.

सुट्टी मिळाली तसं तिनं मेहकरच्या भावाला, गोविंदाला, बोलावून घेतलं.

"माहेरी? लोक काय म्हनतीन?" गजेंद्र म्हणाला.

"लोकायचं तुमी पाहा. मले तं तुमच्याकडं पाह्याचीई शिसारी येते."

गजेंद्र दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा चहा पिऊन एकटाच परत गेला. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच ती सासरी परतली. दुकानात आता पोती उचलायला हमाल होता. गजेंद्रनं माफी मागितली नाही. तिनंही वाट पाहिली नाही; तेवढी त्याची ऐपत नाही, हे तिला कळून चुकलं होतं.