पाचच्या आत दोन इंजिनं

चार हजार किलोमीटर झाले, तिसरा देश संपत आला, तरी मेस्त्रीची बडबड काही संपत नव्हती. तीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त करून त्यांना हात हलवणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतः निघाला होता. स्वारी नुसती हवेत! तिघा मित्रांच्या मोटरसायकली एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या, तिन्ही त्यानेच आपल्या गॅरेजात खोलून पुन्हा बांधलेल्या. पण मेस्त्रीची चढावर सुसाट सुटायची आणि मास्तरची दर चढाला खोकायची.

"मास्तर, गाडी आहे ती, फळा नाही!" मेस्त्री वर पोचून ओरडायचा. "गिअर टाकायला हात लागतो, हात!"

मास्तर गणित शिकवणारा, स्वभावाने सोशिक. "असेल बाबा," म्हणायचा आणि मागून खोकत यायचा. तिसरा कंपाउंडर. सगळ्यांच्या कागदांची फाइल त्याच्याकडे, आणि झोपताना ती तो उशीखाली ठेवायचा.

दुपारी दीडला ते सीमेवरच्या चौकीशी पोचले. फाटकापलीकडे घाट होता, आणि घाटापलीकडे थेट समुद्राला भिडणारा रस्ता. गॅरेजच्या भिंतीवरच्या नकाशात मेस्त्री त्या रस्त्यावरून दोन वर्षं ग्रीसने माखलेलं बोट फिरवत आला होता. नकाशावर तेवढीच एक काळी रेघ उमटली होती.

आधीच्या सीमांवर नंबरप्लेट बघून शिक्के मारले होते. इथली अधिकारी बाई मात्र खमकी निघाली. बॅटरी घेऊन वाकली, इंजिनावर कोरलेला नंबर वाचला, कागदावरचा वाचला आणि मान हलवली. मेस्त्रीच्या गाडीत भलतंच इंजिन होतं. मग ती मास्तरच्या गाडीशी गेली. तिथे मेस्त्रीचं!

झालं होतं ते असं. मेस्त्रीने दोन्ही इंजिनं एकाच दिवशी, एकाच टेबलावर खोलली होती. बायको चहा घेऊन आली तेव्हा म्हणालीही होती, "अहो, खडूने नावं तरी घाला." आणि या शहाण्याने काय उत्तर द्यावं? "माझ्या हाताला कळतं!" घ्या, कळलं.

अधिकारी बाई मोडकंतोडकं इंग्रजी बोलत होती आणि कंपाउंडर तेवढंच मोडकं समजत होता. "गाड्यांचा परवाना आज संपतो," तो घाम पुसत म्हणाला. "फाटक पाचला बंद. तोवर नंबर जुळले तर पुढे. नाही जुळले तर दोन्ही गाड्या जप्त, आणि तुम्ही दोघं बसने घरी."

मेस्त्रीने मास्तरकडे पाहिलं. स्वतःचं गेलं असतं तर एकवेळ चाललं असतं, पण मास्तरने या प्रवासासाठी दोन उन्हाळे शिकवण्या घेतल्या होत्या.

"कंपाउंडर, तू तरी जा," तो पुटपुटला. "तुझे नंबर बरोबर आहेत."

"तोंड बंद कर आणि पाना काढ," कंपाउंडर म्हणाला.

घड्याळात पावणेदोन. गॅरेजात एक इंजिन बदलायला दोन तास लागायचे. इथे दोन इंजिनं आणि सव्वातीन तास! मेस्त्रीने चौकीच्या अंगणात ताडपत्री अंथरली आणि बाह्या सारल्या. "मास्तर, चेन सोडव. आणि हे बघा दोघं, माझ्या हातावर विसंबू नका. प्रत्येक बोल्ट लिहून ठेवा." ते ऐकून कंपाउंडरने औषधांच्या रिकाम्या पुड्या काढल्या. दर पुडीवर गाडी, जागा आणि क्रमांक. जणू बोल्ट दिवसातून दोनदा जेवणानंतर घ्यायचे होते.

मग काय उडाली धांदल! मास्तर वेळ ओरडून सांगतोय, कंपाउंडर पुड्या बांधतोय, मेस्त्री गाडीखाली आडवा. रांगेतले ट्रकवाले गोळा झाले. तीन वाजता दोन्ही इंजिनं ताडपत्रीवर आली आणि टाळ्या पडल्या. चारला एक जागेवर बसलं. दुसऱ्याच्या वेळी गाडीच्या सांगाड्यात गंजून अडकलेला जुना बोल्ट निघेना. मेस्त्री लोंबकळला, मास्तर लोंबकळला, पाना वाकायला आला. साडेचार! तेवढ्यात अधिकारी बाई आतून हातभर लोखंडी नळी घेऊन आली, पान्याच्या दांड्यावर चढवली आणि स्वतःच जोर लावला. कट्ट! बोल्ट सुटला. मेस्त्रीला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण वेळ कुठे होता?

पाचला चार मिनिटं कमी असताना तिने बॅटरी घेऊन पुन्हा वाचलं. एक नंबर. दुसरा नंबर. धाडधाड शिक्के मारले. तिघं फाटकातून सुटले ते ओरडतच, आणि मागे ट्रकवाल्यांचे भोंगे वाजत राहिले.

घाट लागला. मास्तरच्या गाडीने एक हुंकार दिला आणि ती सुसाट वर गेली, मागोमाग कंपाउंडर. मेस्त्रीने गिअर टाकला. गाडी खोकली. त्याने दुसरा टाकला, ती आणखी खोकली. चार हजार किलोमीटर ज्या खोकल्याची त्याने टर उडवली, तो त्याच्याच इंजिनाचा होता, त्याच्याच हातचा.

वर पोचायला त्याला वीस मिनिटं जास्त लागली. वळणावर कंपाउंडरच्या पुढे मास्तर गाडी लावून उभा होता. आता हा सगळं व्याजासकट फेडणार, या तयारीने मेस्त्री खाली उतरला आणि आधीच म्हणाला, "बोल बाबा, बोल."

 मास्तरने नुसता पुढे हात केला. खाली, उन्हात, समुद्र होता.

मेस्त्रीने ग्रीसचं बोट उचलून तो रस्ता शेवटपर्यंत हवेत गिरवला, आणि मग भर रस्त्यात मास्तरला मिठी मारून लहान मुलासारखा रडला.