तुबाने ठेवलेला फोटो

मी एक जुनी थर्माकोलची पेटी आहे. माझ्या झाकणावर बल्बच्या आचेने पडलेला पिवळा डाग आहे आणि एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. मित्रांनो, खरे सांगायचे तर माझा जन्म गारव्यासाठी झाला. बर्फाच्या पिशव्या आणि इंजेक्शने घेऊन मी बार्शीटाकळीच्या एका औषधाच्या दुकानात आले. माल उतरला आणि मला मागच्या गल्लीत फेकून दिले. अकरावीतल्या तुबाने मला तिथून उचलले.

तुबाची अम्मी हलीमाबी गावरान कोंबड्या पाळते. अंड्यांवर बसणारी कोंबडी मिळेल तेव्हा मिळेल, म्हणून तुबाने मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मलाच कोंबडी करायचे ठरवले. आत बल्ब, पाण्याची वाटी, थर्मामीटर आणि झाकणाला काचेची खिडकी. बल्ब पहिल्यांदा लागला तेव्हा मी धास्तावले. मी वितळले तर?

हलीमाबी म्हणाली, "बेटा, हे काहून करून राहिली? कोंबडी हाय ना आपली!"

"अम्मी, मले पाहायचं हाय, जमते का नाही."

जमले. सरत्या थंडीत माझ्या पोटात पिल्ले चिवचिवली. सारी गल्ली बघायला आली. तुबाने पिल्ले ओंजळीत घेऊन दोन फोटो काढले. तिच्या वर्गशिक्षिका मंजुषा मॅडम म्हणाल्या, "तुबा, शाळेबाहेर स्वतः शिकलेल्या कामाचंही आपल्या शाळेत यंदा क्रेडिट मिळते. अकोल्याच्या कुक्कुटपालनाच्या कोर्सलाही ते दाखवता येईल. फक्त सगळी नोंद ठेव."

मार्चमध्ये तिने पुन्हा अंडी ठेवली. ऊन तापू लागले होते. एका दुपारी ती परीक्षेला गेली, आणि बल्ब बंद असूनही माझ्या आतला पारा चढत गेला. मला हात नव्हते, आवाज नव्हता. ती परतली तेव्हा उशीर झाला होता. तिने ती अंडी घरामागे पुरली आणि त्यांचे मोबाइलमधले सगळे फोटो डिलीट केले. कोणाला काही सांगितले नाही.

काही दिवसांनी अमरावतीहून भगवंतराव सर प्रकल्प तपासायला शाळेत आले. मला बाकावर ठेवले होते. दोन्ही फोटो बघून ते शांतपणे म्हणाले, "पिल्लं छान आहेत. पण पिल्लं बाजारातही मिळतात, पोरी. तू काय केलंस, ते यात कुठं दिसते?"

तुबाने पुन्हा अंडी मांडून दाखवायची परवानगी मागितली. सरांनी पुन्हा बघायला यायचे कबूल केले.

"मेलेल्या अंड्यांचं सांगितलं का त्याईले?" घरी आल्यावर अम्मीने विचारले. तिला सगळे ठाऊक होते तर!

"कसं सांगू? नापास करतील मले."

भर एप्रिलात तुबाने तिसऱ्यांदा अंडी मांडली. मला माठाशेजारी ठेवले आणि भोवती ओले पोते गुंडाळले. थर्मामीटरवर नेलपॉलिशने धोक्याची लाल रेघ ओढली. ती अकोल्याला क्लासला गेली की हलीमाबी पोते भिजवायची आणि पाऱ्याचा फोटो काढायची. पुष्कळ फोटोंत तिचा अंगठाच मोठा येई. रोज संध्याकाळी तुबा दिवसभरातली हकीकत मोबाइलमध्ये बोलून ठेवायची. मी मात्र सारखी धास्तीत. पोते वाळले की माझे अंग आकसल्यासारखे व्हायचे.

आणि तेच झाले. शेजारची आरती चक्कर येऊन पडली, तिला घेऊन हलीमाबी दवाखान्यात गेली. पोते कडक वाळले. पारा लाल रेघेवर गेला. मी आतल्या आत कासावीस झाले, पण करणार काय!

तुबा आली. झाकण उघडताच तिचा चेहरा उतरला. आधी तिने पोत्यावर घागरभर पाणी ओतले. मग मोबाइल काढला, थर्मामीटरसमोर धरला आणि तशीच थांबली. हा फोटो काढला नाही, तर हे कोणाला कळणारही नव्हते. मित्रांनो, तो क्षण मला तापलेल्या दुपारपेक्षाही लांब वाटला.

तिने फोटो काढला. मग कवचातून आतले दिसावे म्हणून खोलीत अंधार करून एकेक अंडे टॉर्चवर धरले. काहींत हालचाल होती, काही निपचित होती. तिने त्या निपचित अंड्यांचेही फोटो काढले.

भगवंतराव सर या वेळी मंजुषा मॅडमना घेऊन घरीच आले. तुबाने सगळे दाखवले, सगळे ऐकवले. मग खाली मान घालून म्हणाली, "सर, मार्चमदली अंडी पण मेली होती. त्याचे फोटो मीच डिलीट केले. भेव वाटलं मले."

"मग शिकलीस काय?"

"व्हिडिओत पेटी गरम ठेवायले सांगतात, सर. आपल्या उन्हाळ्यात तिले थंड ठेवा लागते."

सर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. पुन्हा त्या लाल रेघेवरच्या पाऱ्याचा फोटो बघत बसले. जगलेल्या अंड्यांतून त्याच आठवड्यात पिल्ले निघाली. क्रेडिट मिळाले, पण पूर्ण नाही. मार्चच्या कामाला पुरावा नव्हता, त्याचे गुण गेले. तुबा त्या रात्री जेवली नाही. मात्र अकोल्याच्या कोर्सच्या मुलाखतीत तिला सगळ्यात जास्त पाऱ्याच्या त्याच एका फोटोबद्दल विचारले, आणि तिला प्रवेश मिळाला. आता ती तिकडेच राहते.

मधले काही महिने मी माळ्यावर धूळ खात होते. परवा हलीमाबीने मला खाली उतरवले, पुसले आणि स्वतःच अंडी मांडली. मला आनंद झाला. पण काळजीही तेवढीच आहे. मित्रांनो, तुम्हीही काही शिकत असाल, तर फसलेल्या दिवसाची नोंद ठेवा आणि ज्या वस्तूने शिकवले तिच्याकडे अधूनमधून बघत जा. उंदराने माझ्या बल्बची वायर कुरतडली आहे, आतली तार उघडी पडली आहे. हलीमाबीला अंधुक दिसते. ती बल्ब लावायला हात पुढे करते, तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो. तिच्या घरी कोणी गेलात, तर आधी बटण बंद करा, आणि तेवढी वायर बदलून द्या.